आबांचा फोन चालू होत नाही. फॅक्टरी रीसेट न करता आतलं वाचेल का?

तासगावचा_बागायतदार (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. फोन माझ्या वडिलांचा आहे आणि घाई आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

फोन २०२० सालचा, अँड्रॉइड १० घेऊन आलेला, चिप स्नॅपड्रॅगन. घेतला तेव्हाच चुलतभावाने बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक करून मॅजिस्क या साधनाने रूट करून, म्हणजे सिस्टमवर पूर्ण ताबा मिळवून, दिला होता, कारण कंपनीची नको असलेली अ‍ॅप काढायची होती. मागच्या आठवड्यात मी पूर्ण अपडेटची झिप उतरवून टाकली. अपडेट नीट झालं, फक्त रूट गेलं. चार दिवस फोन चांगला चालला. आज दुपारी रूट परत आणावं म्हणून लॅपटॉपवर मागच्या वर्षीची, मॅजिस्कने पॅच केलेली बूट फाइल (सिस्टम सुरू करणारी) पडून होती, तीच फास्टबूटमधून, म्हणजे केबल लावून लॅपटॉपवरून फाइली टाकायच्या मोडमधून, टाकली.

तेव्हापासून असं होतंय: बूटलोडर अनलॉक असल्याची सूचना येते, मग कंपनीचा लोगो, मग परत पहिल्यापासून. असं तीन-चारदा झालं की काळा पडदा येतो. त्यावर लिहिलेलं असतं की अँड्रॉइड सिस्टम लोड होत नाही, तुमचा डेटा खराब झालेला असू शकतो. खाली दोनच पर्याय: ‘पुन्हा प्रयत्न करा’ आणि ‘फॅक्टरी डेटा रीसेट’.

गावातल्या दुकानदाराने बघितलं आणि म्हणाला, रीसेट मारावा लागेल, डेटा गेला असं समजा. एका व्हिडिओत बूटलोडर परत लॉक केला की फोन मूळ स्थितीत येतो असं सांगितलंय. आज रात्री तेच करून बघणार होतो.

आत काय आहे ते सांगतो, म्हणजे घाई का ते कळेल. आबा फवारणी झाली की बांधावर उभं राहून फोनमध्ये बोलून ठेवतात: कोणतं औषध, किती लिटर पाण्याला किती, कोणता प्लॉट, किती वाजता. सोबत बाटलीच्या लेबलाचा फोटो. नंतर मी ते वहीत उतरवतो. यंदा फळछाटणीनंतर पाऊस लागून राहिला, डाउनी रोगाच्या धास्तीने फवारण्या एकामागून एक झाल्या आणि उतरवायचं राहून गेलं. बाग द्राक्षाची, निर्यातीसाठी ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत) नोंदवलेली आहे. फवारणीची वही तपासायला मागतात, आणि आमची वही सध्या त्या फोनमध्ये अडकली आहे. बॅकअप नाही.

रात्रपाळी · रविवार, रात्री ९.५२

लॉक करू नका. रीसेट दाबू नका. फोन बंद करून ठेवा आणि आधी हे वाचा.

बूटलोडर अनलॉक करताना डेटा पुसला जातो हे सगळ्यांना माहीत असतं. लॉक करतानाही तो पुसला जातो हे बहुतेकांना माहीत नसतं. ‘फास्टबूट फ्लॅशिंग लॉक’ दिलं आणि फोनने होकार मागितल्यावर तुम्ही हो म्हटलं, की आबांचे आवाज गेले. ते परत आणायचा कोणताही मार्ग नाही.

नुकसान तिथेच थांबत नाही. आत्ता बूटलोडर अनलॉक आहे म्हणून फोन बदललेली बूट फाइल निदान उघडून बघतो. लॉक झाल्यावर प्रत्येक फाइलची सही तपासली जाते. अँड्रॉइड ७ पासून ही तपासणी सक्तीची आहे. मॅजिस्कने पॅच केलेल्या फाइलवर कंपनीची सही नसते, त्यामुळे फोन लाल सूचना दाखवून जागीच थांबेल. काही फोनमध्ये त्यानंतर अनलॉकही करता येत नाही, कारण त्यासाठीचं ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण डेव्हलपर ऑप्शन्समध्ये असतं आणि तिथवर जायला फोन चालू व्हावा लागतो. मी स्वतः २०१९ मध्ये असाच एक फोन घालवला आहे. त्या फोनमध्ये माझ्या मुलीचे पहिल्या वर्षाचे फोटो होते. म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

तासगावचा_बागायतदार · रविवार, रात्री ९.५८

बंद केला. हात थरथरतायत. फोन कपाटात ठेवलाय.

सोल्डरिंग · रविवार, रात्री १०.३०

मी फोन दुरुस्तीतच आहे, लॅमिंग्टन रोडला शिकलो, आता स्वतःचं दुकान आहे. धागाकर्ते, तुमचा फोन मेलेला नाही. जो फोन लोगो दाखवतो, रिकव्हरी (दुरुस्तीचा पडदा) दाखवतो आणि फास्टबूटमध्ये जातो, तो आमच्या भाषेत सॉफ्ट ब्रिक. हार्ड ब्रिक म्हणजे पडदा काळा, कंप नाही, चार्जर लावला तरी काही नाही, आणि कॉम्प्युटरच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त ‘क्यूडीलोडर ९००८’ (चिपचा आणीबाणीचा मोड) एवढंच दिसतं. तुम्ही त्यापासून पुष्कळ लांब आहात.

मला दोन गोष्टी हव्यात.

फोन रिकव्हरीत नेऊन त्या पडद्याच्या वरच्या बाजूचा फोटो काढा. ‘अँड्रॉइड रिकव्हरी’च्या खाली बारीक अक्षरांत एक लांबलचक ओळ असते. लोक ती वाचतच नाहीत. तीत बिल्डचा क्रमांक असतो.

दुसरं, तुम्ही अपडेटची झिप उतरवली म्हणालात. ती लॅपटॉपवर अजून आहे का?

जुना_सभासद · रविवार, रात्री १०.४१

ए/बी स्लॉटचा (सिस्टमच्या दोन प्रती ठेवणारा) फोन असेल तर दुसऱ्या स्लॉटवर जाऊन बघायला काय हरकत आहे? ‘सेट अ‍ॅक्टिव्ह’ देऊन जुन्या स्लॉटवर टाकायचा. जुनी सिस्टम तिथे असतेच. माझा फोन असाच उठला होता.

सोल्डरिंग · रविवार, रात्री १०.५५

तुमचा उठला कारण अपडेट झाल्यावर नवी सिस्टम एकदाही पूर्ण चालू झाली नसणार. यांचा फोन नव्या सिस्टमवर चार दिवस चालला आहे. फरक मोठा आहे, जरा सविस्तर सांगतो, कारण या धाग्याचं मूळ मला इथेच दिसतंय.

फोनमधला डेटा कुलूपबंद असतो. अँड्रॉइड १० घेऊन आलेल्या फोनांत तर तो तसा असणं बंधनकारक आहे. कुलपाची किल्ली चिपच्या एका वेगळ्या, सुरक्षित भागात राहते. ती किल्ली सिस्टमच्या आवृत्तीशी आणि सुरक्षा पॅचच्या महिन्याशी बांधलेली असते. नवं अपडेट पहिल्यांदा चालू झालं की किल्लीवर नव्या महिन्याचा शिक्का बसतो. त्यानंतर जुन्या महिन्याची सिस्टम किंवा जुनी बूट फाइल येऊन किल्ली मागू लागली, तर चिप नकार देते. हे मुद्दाम केलेलं आहे: चोराने जुनी, भोकं असलेली सिस्टम टाकून डेटा उघडू नये म्हणून.

आता यांच्या फोनवर काय झालं बघा. सिस्टम नवी, किल्लीवर नवा शिक्का, आणि बूट फाइल मागच्या वर्षीची. बूट फाइल आपला जुना महिना सांगते, किल्ली मिळत नाही, डेटा उघडत नाही, आणि फोन म्हणतो ‘डेटा खराब झालेला असू शकतो’. डेटा खराब नाही. तो जसा होता तसाच कुलपाआड आहे. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून किती लोकांनी रीसेट दाबला असेल, विचार करून वाईट वाटतं.

हा माझा अंदाज आहे. रिकव्हरीतली ती ओळ आली की पक्कं सांगतो.

पेडण्याची_ताई · रविवार, रात्री ११.१०

मध्येच विचारते, माफ करा. म्हापशाला एका दुकानातून जुना फोन घेतला. दुकानात चालू होता. घरी येऊन मुलाने बटणं दाबून रीसेट केला, आता तो आधीचं गूगल खातं मागतो. दुकानदार फोन उचलत नाही. एकजण म्हणतो तीनशे रुपयांत लॉक तोडून देतो. देऊ का?

तासगावचा_बागायतदार · रविवार, रात्री ११.२५

@सोल्डरिंग, झिप आहे. डाउनलोड्समध्येच आहे, २ जीबीच्या वर.

रिकव्हरीचा फोटो काढला. ओळीत टिंबांच्या मध्ये सहा आकडे आहेत. झिपच्या नावातले आकडे वेगळे आहेत. रिकव्हरीतले मागच्या वर्षीचे जून महिन्याचे वाटतात. पण मी तर नवं अपडेट टाकलंय, मग रिकव्हरी जुनी कशी?

सोल्डरिंग · रविवार, रात्री ११.३३

हाच पुरावा हवा होता. तुमच्या फोनमध्ये रिकव्हरीला स्वतंत्र जागा नाही, ती बूट फाइलच्या पोटातच असते. मागच्या वर्षीची बूट फाइल टाकली तेव्हा मागच्या वर्षीची रिकव्हरीही सोबत आली. म्हणून ओळीत जुने आकडे. केस उघड झाली.

औषध तुमच्याच लॅपटॉपवर आहे. त्या झिपमध्ये ‘पेलोड’ नावाची एक मोठी फाइल असते. पेलोड डंपर नावाचं छोटं साधन मिळतं, त्याने ती उलगडा. आतून बऱ्याच फाइली निघतील: बूट, डीटीबीओ, व्हीबीमेटा, सिस्टम, व्हेंडर. आपल्याला फक्त बूट हवी. बाकीच्यांना हात लावू नका.

दुसऱ्या कुठल्या साइटवरची बूट फाइल घेऊ नका, नाव तंतोतंत तेच दिसलं तरी. फोनवर जे अपडेट चाललं त्याच झिपमधली हवी.

मग फास्टबूटमध्ये जाऊन ‘फ्लॅश’ न देता आधी ‘फास्टबूट बूट’ आणि पुढे फाइलचं नाव द्या. यात फोनवर काहीही लिहिलं जात नाही, फाइल फक्त तेवढ्यापुरती मेमरीत चढवून चालू केली जाते. आपला अंदाज चुकला असला तरी नुकसान शून्य. काही फोन ही आज्ञा घेत नाहीत. तुमच्याने नाही घेतली तर इथे सांगा, तोवर थांबा.

@पेडण्याची_ताई, तीनशे रुपये देऊ नका. तुमच्यावर सकाळी नीट लिहितो.

तासगावचा_बागायतदार · सोमवार, पहाटे १२.२०

बूट फाइल निघाली, ९६ एमबी. पण आता लॅपटॉप फोन ओळखत नाही. ‘डिव्हाइसची वाट बघतोय’ एवढंच लिहून येतं. दुपारी ओळखत होता.

रात्रपाळी · सोमवार, पहाटे १२.३१

केबल तीच आहे का? दुपारी कुठल्या पोर्टला लावली होती? निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टवर फास्टबूट पुष्कळदा अडतं, विशेषतः रायझन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर. जुना काळा यूएसबी २ चा पोर्ट असेल तर त्याला लावा. नसेल तर मध्ये साधा यूएसबी हब घाला.

तरी नाही दिसला तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं त्रिकोणी चिन्ह असलेलं ‘अँड्रॉइड’ दिसलं तर ड्रायव्हर सुटला आहे. हाताने ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ निवडा.

आणि फोनचं चार्जिंग बघून घ्या. फास्टबूटमध्ये पुष्कळ फोन नीट चार्ज होत नाहीत. मी असतो तर आत्ता फोन पूर्ण बंद करून चार्जिंगला लावला असता आणि सकाळी चहा घेऊन बसलो असतो. आबांचे आवाज रात्रभरात कुठे जात नाहीत.

सोल्डरिंग · सोमवार, सकाळी ८.१५

तोवर पेडण्याच्या ताईंचं.

ताई, याला एफआरपी, म्हणजे फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन म्हणतात. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर आलं. फोन चोरून बटणांनी रीसेट केला तरी चोराला वापरता येऊ नये यासाठी ते आहे. तुमच्या मुलाने सेटिंग्जमधून रीसेट केला असता तर त्याच वेळी पिन मागितला असता आणि आधीच्या मालकाचं खातं आत आहे हे तेव्हाच कळलं असतं. बटणांनी केल्यामुळे ते आता समोर आलं.

अशा वेळी सगळ्यात आधी एक गोष्ट तपासायची: फोन चोरीचा तर नाही? डब्यावर किंवा सिम ट्रेवर १५ आकडी आयएमईआय असेल. ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही बघता येतं. क्रमांक काळ्या यादीत निघाला तर फोन घेऊन सरळ पोलीस चौकीत जा, सोबत दुकानाची पावती न्या.

स्वच्छ निघाला तर दुकानदाराला गाठायचं. आधीच्या मालकाने येऊन एकदा आपलं खातं टाकलं की पाच मिनिटांचं काम आहे. कायदेशीर रस्ता हाच. तीनशे रुपयांत तोडून देणारा कधी भलतीच फाइल टाकतो, मग नेटवर्क जातं, मग ‘आयएमईआय दुरुस्त करतो’ म्हणतो. आयएमईआयमध्ये फेरफार हा आपल्याकडे तुरुंगवासाचा गुन्हा आहे. माझ्याकडे असे फोन घेऊन लोक येतात, मी हात जोडून परत पाठवतो.

म्युनिकवासी · सोमवार, दुपारी १.०५

रोलबॅकचा, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परतण्याचा, विषय निघाला म्हणून लिहितो. वरची किल्लीची गोष्ट डेटापुरती आहे, पण काही फोनांत जुनं टाकणं याहून महागात पडतं, आणि ज्यांचा फोन अजून चालू आहे त्यांनी ते आधी समजून घ्यावं.

रेडमी नोट ५ प्रो आठवतो का? २०१८ साली भारतात घरोघरी होता. शाओमीच्या एमआययूआय १० सिस्टमबरोबर त्यात अँटी-रोलबॅकचा (जुनी फाइल रोखणारा) आकडा ४ झाला. लोकांनी सवयीने जुनी एमआययूआय ९ ची फाइल फास्टबूटमधून टाकली आणि फोन थेट काळे पडले. पुढे मागचं झाकण उघडून टेस्ट पॉइंटच्या दोन टिकल्या जोडायच्या, ९००८ मध्ये आणायचा, आणि त्यावर फाइल चढवायला कंपनीने अधिकार दिलेलं खातं लागायचं. ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ एवढी एक आज्ञा आधी दिली असती तर आकडा समोर दिसला असता.

पिक्सेल ६ मध्येही हेच. ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आलं तेव्हा ६, ६ प्रो आणि ६ए वर एकदा १३ टाकलं की १२ वर परतता येणार नाही असं गूगलने आधीच सांगितलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या स्लॉटवरचा बूटलोडरही नवा करून घेतला, कारण फोन कधी जुन्या स्लॉटवर गेला असता तर उठला नसता.

सॅमसंगमध्ये बिल्डच्या नावातलं शेवटून पाचवं अक्षर बघायचं, ती बूटलोडरची पायरी. खालच्या पायरीची फाइल ओडिन (सॅमसंगमध्ये फाइली टाकायचं साधन) घेतच नाही. आणि ओडिनमध्ये सीएससीच्या (देश आणि नेटवर्कच्या सेटिंगच्या फाइलीच्या) खान्यात ‘होम’ने सुरू होणारी फाइल टाकली तरच डेटा राहतो, नुसती सीएससी टाकली तर पुसला जातो. एका शब्दाचा फरक आहे आणि लोक घाईत पहिली दिसेल ती उचलतात.

जुना_सभासद · सोमवार, दुपारी २.२०

@सोल्डरिंग, स्लॉटचा माझा सल्ला मागे घेतो. यांनी ऐकलं असतं तर आणखी गुंता झाला असता.

एक विचारायचं होतं. बूटलोडर कधीच अनलॉक केला नाही आणि नुसत्या अपडेटमध्ये फोन अडकला, तर त्या माणसाने काय करायचं? त्याला फास्टबूटमधून काही टाकता येत नाही.

सोल्डरिंग · सोमवार, दुपारी ३.४०

फास्टबूट त्याला बंद, पण रिकव्हरी उघडी असते. रिकव्हरीत ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ असा पर्याय बहुतेक फोनांत असतो. कॉम्प्युटरवरून ‘एडीबी साइडलोड’ या आज्ञेने कंपनीची पूर्ण अपडेट झिप द्यायची. त्यावर कंपनीची सही असल्यामुळे लॉक असलेला फोनही ती घेतो, आणि डेटा जागच्या जागी राहतो. झिप त्याच बिल्डची किंवा नवी हवी, जुनी नाही. आणि टक्केवारी मध्येच थांबल्यासारखी वाटली तरी केबल ओढायची नाही.

रिकव्हरीत नुसता आडवा पडलेला रोबो आणि ‘नो कमांड’ दिसलं तर घाबरायचं नाही. पॉवर दाबून धरून आवाज वाढवायचं बटण एकदा दाबलं की यादी उघडते.

ज्यांचा फोन मॅजिस्कच्या एखाद्या मॉड्यूलमुळे (जोड-प्रोग्राममुळे) फिरत बसतो, त्यांनी लोगो आल्यावर आवाज कमी करायचं बटण धरून सेफ मोडमध्ये यावं. मॅजिस्क त्या वेळी सगळी मॉड्यूल बंद करतं. त्यासाठी रीसेटची गरज नसते.

तासगावचा_बागायतदार · सोमवार, सायंकाळी ६.५०

आबा बागेतून आल्यावरच करायचं ठरवलं होतं, त्यांच्यासमोर.

शेजारच्या घरून जुना यूएसबी हब आणला. हब लावल्याबरोबर फोन दिसला. ‘फास्टबूट बूट’ दिलं. ‘पाठवतोय, ठीक’, ‘चालू करतोय, ठीक’ अशा दोन ओळी आल्या आणि फोन काळा झाला. लोगो आला आणि बराच वेळ तसाच राहिला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग पडद्यावर पिनचे आकडे आले.

आबांनी पिन टाकला. वॉलपेपरवर आमचा बैल दिसला तसे ते खालीच बसले.

सगळं आहे. पिन टाकल्यावर पहिलं काम म्हणजे आवाजाच्या फाइली आणि फोटो लॅपटॉपवर घेतले, मग पेनड्राइव्हवर. ते झाल्यावरच फोन परत फास्टबूटमध्ये नेऊन तीच बूट फाइल ‘फ्लॅश’ केली. आता बंद करून चालू केला तरी नीट उठतो. रिकव्हरीतली ती ओळही बघितली, आकडे झिपशी जुळतात.

@रात्रपाळी, काल रात्री ९.५२ ला तुम्ही लिहिलं नसतं तर दहा वाजता मी लॉकची आज्ञा दिली असती. टाइप करून ठेवली होती, एंटर तेवढं बाकी होतं. @सोल्डरिंग, तासगावकडे आलात तर बागेत या, माल निघेल तेव्हा पहिली पेटी तुमची.

रात्रपाळी · सोमवार, सायंकाळी ७.०२

डोळ्यांत पाणी आलं वाचताना. आबांना नमस्कार सांगा.

पेडण्याची_ताई · मंगळवार, सकाळी ११.३०

एसएमएस केला, आयएमईआय स्वच्छ निघाला. मग पावती घेऊन दुकानातच जाऊन बसले. दुकानदाराने आधीच्या मालकाला बोलावलं, कॉलेजचा मुलगा होता, पर्वरीहून आला. त्याने खातं टाकलं, मग सेटिंग्जमध्ये जाऊन काढलं, आणि तिथूनच परत रीसेट करून दिला. फोन चालू आहे.

तासगावचा_बागायतदार · मंगळवार, रात्री ९.१५

काल रात्री आणि आज संध्याकाळी बसून छाटणीपासूनच्या २३ फवारण्या वहीत उतरवल्या. आबांचा आवाज लावायचा, थांबवायचा, लिहायचं. दोन ठिकाणी वाऱ्यात औषधाचं नाव ऐकू येत नव्हतं, तिथे लेबलाचा फोटो कामी आला.

रूट परत केलेलं नाही. आबा म्हणाले, नको.